रांचीपूर आणि बडोदे : 'द रेन्स केम' (१९३९) या हॉलिवूडपटातील एका मराठी संस्थानाची प्रतिमा

प्रास्ताविक

परदेशाच्या पार्श्वभूमीवर घडणारी प्रेमकथा हा हॉलिवूडच्या सुवर्णकाळातील एक अत्यंत लोकप्रिय प्रकार होय. 'कॅसाब्लांका' (१९४२) आणि 'रोमन हॉलिडे' (१९५३) ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. यांपैकी दुसऱ्या चित्रपटाचे चित्रीकरण प्रत्यक्ष रोममध्ये झाले. परंतु हा अपवाद म्हणावा लागेल. १९५० पूर्वीच्या अशा बहुतेक चित्रपटांतील मोरोक्को, चीन किंवा हिंदुस्थान हा कॅलिफोर्नियातील स्टुडिओच्या आवारात लाकूड, प्लॅस्टर आणि कापड यांच्या साहाय्याने उभारलेला देश असे. इतिहासाच्या अभ्यासकाने या कृत्रिम देशांकडे सहसा लक्ष दिलेले नाही. करमणुकीच्या वस्तूला पुरावा कसा मानावा, हा त्यामागील संकोच समजण्यासारखा आहे.

प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतलेला 'द रेन्स केम' हा चित्रपट ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या कंपनीने १९३९ साली काढला. क्लॅरेन्स ब्राऊन हे त्याचे दिग्दर्शक. मर्ना लॉय, टायरोन पॉवर आणि जॉर्ज ब्रेंट यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. कथा घडते ती 'रांचीपूर' नावाच्या एका काल्पनिक हिंदी संस्थानात. हे रांचीपूर ज्या खऱ्या संस्थानावरून रचले गेले ते संस्थान म्हणजे बडोदे. मराठी वाचकाला हा चित्रपट जवळचा वाटावा याचे कारण एवढेच पुरेसे आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने साठ वर्षे चालविलेल्या राज्याची प्रतिमा अमेरिकेत तयार झाली आणि जगभर दाखविली गेली. त्या प्रतिमेत काय आले, काय गळले आणि जे गळले ते का गळले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

लेखामागे एक स्थानिक कारणही आहे. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य ठाण्यातील कोलशेत येथे, उल्हास नदीच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हासच्या पाण्याने बदलापूर-कल्याण भागात हाहाकार माजविला आणि पुढील दोन दिवस 'धरण फुटले' ही अफवा मुंबई-ठाण्यात वाऱ्यासारखी फिरत राहिली. पुढे केव्हातरी हा चित्रपट विद्यार्थ्यांसमवेत पाहण्याचा योग आला. पडद्यावरचे धरण फुटले तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती केवळ तांत्रिक करामतीला मिळालेली दाद नव्हती.

कादंबरीकार आणि त्याचे बडोदे

चित्रपटाचा आधार असलेली याच नावाची कादंबरी लुई ब्रॉमफील्ड (१८९६-१९५६) या अमेरिकी लेखकाने लिहिली. ओहायो राज्यातील मॅन्सफील्ड हे त्याचे जन्मगाव. १९२७ साली 'अर्ली ऑटम' या कादंबरीसाठी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. १९३० नंतरच्या दशकात तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि बडोद्यात त्याने काही काळ मुक्काम केला. त्या अनुभवातून उतरलेली 'द रेन्स केम' ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. १९४० साली त्याने मुंबईच्या पार्श्वभूमीवर 'नाइट इन बॉम्बे' ही आणखी एक कादंबरी लिहिली. हिंदुस्थानाशी त्याचे नाते केवळ लेखणीपुरते नव्हते, असे म्हणता येईल. १९३९ मध्ये ओहायोत परतल्यावर त्याने जी शेती घेतली आणि जमिनीच्या धूपीविरुद्ध प्रयोग करून जी पुढे नावारूपाला आणली, तिचे नाव त्याने मुंबईच्या मलबार हिलवरून 'मलबार फार्म' असे ठेवले. 'कॅसाब्लांका'चा नायक हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचे लग्न १९४५ साली याच शेतावरील घरात लागले. विषयाला सोडून असला तरी हा तपशील सांगावासा वाटतो, कारण मलबार हिलचे नाव ओहायोतल्या मक्याच्या शेतावर आजही टिकून आहे.

ब्रॉमफील्डने पाहिलेले बडोदे कसे होते? सयाजीराव गायकवाड तिसरे (१८६३-१९३९) यांना २७ मे १८७५ रोजी जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतले तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. अमरेली तालुक्यात १८९३ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आणि १९०६ साली सर्व राज्यात त्याचा विस्तार. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून उभारलेली ग्रंथालयांची साखळी. १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक निर्बंध, १९३१ चा हिंदू घटस्फोटाचा कायदा. शहराला पाणी पुरविणारा आजव्याचा सयाजी सरोवर तलाव. गायनशाळा, कलाभवन, महाविद्यालय. ही यादी वाढविता येईल. पण वाचकांना ती परिचित आहे. येथे सांगायचे ते एवढेच, की रांचीपूरचे वर्णन करताना ब्रॉमफील्डला फारसे काही कल्पावे लागले नाही. त्याच्या कादंबरीतील वृद्ध महाराज अर्धशतकाच्या परिश्रमातून राज्य घडवितात. तेथे इस्पितळ आहे, कन्याशाळा आहे, संगीतशाळा आहे, धरण आहे. महाराणी तर चिमणाबाईसाहेब दुसऱ्या यांची आठवण करून देणारी, करारी आणि स्वतंत्र बुद्धीची आहे. चिमणाबाईंनी १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर एका सहलेखकासह इंग्रजी ग्रंथ लिहिला होता आणि १९२७ साली पुणे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

पुराचेही तसेच. जुलै १९२७ च्या अतिवृष्टीने गुजरात उद्ध्वस्त झाला होता. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालील मदतकार्यामुळे तो पूर सर्वतोमुखी झाला. १९३४ साली बिहारमध्ये आणि १९३५ साली क्वेट्टा येथे प्रलयंकारी भूकंप झाले. भूकंप, धरणफुटी, पूर आणि साथ ही कादंबरीतील संकटांची मालिका पाश्चात्य समीक्षकांना अतिरंजित वाटली असली, तरी त्या दशकातील हिंदी वृत्तपत्रांच्या वाचकाला ती तशी वाटण्याचे कारण नव्हते.

पडद्यावरील रांचीपूर

कथानक थोडक्यात असे. लेडी एडविना एस्केथ ही इंग्लंडमधील उच्चभ्रू, विवाहित आणि जीवनाला कंटाळलेली स्त्री आपल्या पतीसमवेत रांचीपुरात येते. तेथे टॉम रॅन्सम हा तिचा जुना प्रियकर मद्य आणि आळस यांत दिवस काढीत असतो. एडविनाचे मन मात्र संस्थानच्या इस्पितळातील तरुण डॉक्टर मेजर राम सफ्ती याच्याकडे ओढले जाते. पावसाळा सुरू होतो, भूकंपाने धरण फुटते, शहर वाहून जाते, साथ पसरते. महाराजांचा मृत्यू होतो आणि महाराणी कारभार हाती घेते. एडविना परिचारिकेचे काम पत्करते, रुग्णाच्या पेल्यातून अनवधानाने पाणी पिते आणि मरण पावते. राज्याची धुरा सफ्तीने वाहावी, असा कथेचा रोख राहतो.

पुराच्या दृश्यांनी चित्रपटाला कीर्ती मिळवून दिली. अमेरिकी चित्रपट अकादमीने विशेष परिणामांसाठी स्वतंत्र पारितोषिक प्रथमच ठेवले तेव्हा, २९ फेब्रुवारी १९४० च्या समारंभात, ते 'गॉन विथ द विंड' आणि 'द विझार्ड ऑफ ऑझ' यांना मागे टाकून 'द रेन्स केम'ला मिळाले. फ्रेड सेर्सेन आणि एडमंड हॅन्सन हे त्याचे मानकरी. संगणकाच्या युगातील प्रेक्षकालाही त्या पाण्याचे वजन जाणवते, कारण ते खरेच पाणी आहे. छोट्या प्रतिकृतींवर आणि स्टुडिओतल्या रस्त्यांवर सोडलेले.

आता माणसांविषयी. राम सफ्तीची भूमिका टायरोन पॉवर या अमेरिकी नटाने चेहरा सावळा रंगवून केली. महाराणी झाली ती मारिया ऊस्पेन्स्काया ही मूळची रशियन अभिनेत्री. महाराजांच्या भूमिकेत एच. बी. वॉर्नर होते. याच वॉर्नरनी १९२७ साली सेसिल डमिल यांच्या 'द किंग ऑफ किंग्ज' या मूकपटात येशू ख्रिस्ताचे काम केले होते. अमेरिकी प्रेक्षकाच्या स्मरणात ती प्रतिमा ताजी असणार. रांचीपूरचे महाराज शांत, क्षमाशील आणि जवळजवळ संतसदृश दिसतात, त्याला ही निवडही कारणीभूत आहे. सयाजीराव उदार होते हे निर्विवाद. पण शांत आणि क्षमाशील ही विशेषणे त्यांच्या रेसिडेंटांनी त्यांना लावली असती असे वाटत नाही.

या ठिकाणी एका कालयोगाची नोंद करणे अवश्य आहे. सयाजीरावांचे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निधन झाले. पडद्यावर महाराजांचा मृत्यू दाखविणारा हा चित्रपट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात दुसरे महायुद्ध पेटले आणि हिंदी नेत्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला गेला.

दत्तक, घटस्फोट आणि चित्रपटसंहिता

कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना केली असता डॉक्टरच्या बाबतीतला बदल विशेष अर्थपूर्ण ठरतो. कादंबरीतील मेजर साफ्का हा संस्थानचा कर्तबगार शल्यविशारद आहे. चित्रपटात तो राजघराण्याचा लाडका आणि भावी राज्यकर्ता होतो. प्रेमकथेच्या दृष्टीने हा सोयीचा बदल. पदाचा मोह आणि प्रेमाचा मोह यांत नायकाला उभे करता येते. पण बडोद्याचा इतिहास जाणणाऱ्याला येथे थांबावे लागते. डलहौसीच्या काळात दत्तकाचा हक्क नाकारून सातारा, नागपूर आणि झाशी ही राज्ये खालसा करण्यात आली. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर इंग्रजांनी बडोदे खालसा केले नाही, दत्तकाला संमती दिली. त्या संमतीमुळेच कवळाण्याच्या गोपाळरावांचा सयाजीराव झाला. पटकथाकारांना हा इतिहास ठाऊक होता असे मानण्यास आधार नाही. तरीही 'राजवंशाबाहेरचा, शिकून तयार केलेला वारस' ही कल्पना त्यांनी रांचीपूरला दिली आणि अभावितपणे ते बडोद्याच्या मर्मापाशी येऊन पोहोचले.

फरक मात्र मूलभूत आहे. सयाजीरावांना ज्ञान मिळाल्यावर त्यांनी ते स्वतःच्या मनाप्रमाणे वापरले, आणि हेच इंग्रजांच्या डोळ्यांत सलत राहिले. रांचीपूरचा वारस पाश्चात्य विद्येने घडलेला आहे खरा, पण साम्राज्याला नको असलेला एकही प्रश्न तो विचारीत नाही.

दुसरा विरोधाभास घटस्फोटाचा. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या चित्रपटसंहितेनुसार व्यभिचाराला शिक्षा न देता तो आकर्षक दाखविणे निषिद्ध होते. भिन्नवंशीय प्रेमाविषयीही त्या व्यवस्थेत मोठी भीती होती. संहितेतील शब्द गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या संबंधांविषयी होते, परंतु त्यांची छाया आशियाई पात्रांवरही पडे. एडविना मरते ती त्यामुळे. तिला मृत्यू येणे हे कथेच्या तर्कापेक्षा संहितेच्या तर्काला धरून आहे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. आणि ज्या राज्यावरून रांचीपूर रचले त्या राज्यात १९३१ पासून हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मागता येत होता! दुःखी विवाहातून बाहेर पडण्याची जी वाट खऱ्या बडोद्यातील स्त्रीला निदान कागदावर खुली होती, ती पडद्यावरील रांचीपुरात आलेल्या इंग्रज सरदारपत्नीला हॉलिवूड देऊ शकले नाही. आधुनिक पश्चिम आणि रूढिग्रस्त पूर्व ही चित्रपटाची मांडणी येथे उलटी होते.

गळलेली मराठी

रांचीपूरची भाषा कोणती, हे चित्रपट सांगत नाही. तशी अपेक्षाही नाही. पण बडोद्याचा दरबार मराठी होता, प्रजा बहुसंख्य गुजराती होती आणि या दुहेरी वास्तवाची सयाजीरावांना सतत जाणीव होती. १९३१ साली प्रसिद्ध झालेला 'श्री सयाजी शासन कल्पतरू' हा राज्यव्यवहाराचा बहुभाषिक कोश याचे उत्तम उदाहरण होय. गो. स. सरदेसाई यांच्यासारखा इतिहासकार तीन तपांहून अधिक काळ या दरबाराच्या सेवेत होता; 'रियासती'चा आरंभ तेथलाच. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यात होते. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः सयाजीरावांनी भूषविले. १९३४ चे संमेलन बडोद्यासच भरले, आणि त्याचे अध्यक्ष होते आपल्या ठाणे जिल्ह्यातील बदलापूरचे ना. गो. चापेकर. आदल्याच वर्षी त्यांचा 'आमचा गाव : बदलापूर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. एका खेड्याची घरे, पिके, देणी, रीतिरिवाज यांची इतकी बारीक नोंद मराठीत तोपर्यंत झालेली नव्हती. ज्या दशकात अमेरिकी कादंबरीकार बडोद्यात कथानक शोधीत होता, त्याच दशकात उल्हासकाठच्या एका खेड्याचा चरित्रकार बडोद्यात मराठी लेखकांपुढे उभा होता. या दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता; पण दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तर परक्याची नजर आणि घरच्याची नजर यांतले अंतर विद्यार्थ्याला चटकन कळते.

गळाले ते सर्वच चित्रपटाने गाळले असे मात्र नाही. ब्रॉमफील्डच्या कादंबरीत जोबनेकर नावाचे अस्पृश्यांचे पुढारी आहेत. आडनावाच्या शेवटी असलेला 'कर' मराठी वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. बडोदे, अस्पृश्यांचा सुशिक्षित पुढारी आणि असे आडनाव या तीन गोष्टी एकत्र आल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ब्रॉमफील्डच्या मनात नेमके कोण होते हे ठरविण्याची आवश्यकता नाही; हे पात्र त्याने लिहिले, एवढे पुरेसे आहे. एडविना आणि सफ्ती यांच्यावर केंद्रित झालेल्या चित्रपटाच्या कथानकाला अशा पुढाऱ्याचे काही प्रयोजन उरत नाही. अस्पृश्यतेचा प्रश्न त्यामुळे करुणेचा विषय होतो, हक्काचा राहत नाही.

कॅमेऱ्यासमोर सयाजीराव

चित्रपट आणि बडोदे यांचा संबंध १९३९ पूर्वीचा आहे. दादासाहेब फाळके हे बडोद्याच्या कलाभवनचे विद्यार्थी. छायाचित्रण, मुद्रण आणि तत्संबंधी तंत्रांशी त्यांचा परिचय तेथे वाढला. नाशिक जिल्ह्यातूनच आलेल्या राजाने काढलेल्या संस्थेत नाशिक जिल्ह्यातूनच आलेला एक तरुण शिकला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

त्याहून महत्त्वाची घटना १२ डिसेंबर १९११ ची. दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे संस्थानिक एकामागून एक मुजऱ्यासाठी गेले. सयाजीरावांनी ठरल्याप्रमाणे तीन वेळा न वाकता एकदाच मान लवविली आणि बादशहाकडे पाठ करून ते परत फिरले, असा त्यांच्यावर आरोप आला. त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना खुलाशाचे पत्र पाठविले, ते वृत्तपत्रांत छापलेही गेले. पण या प्रकरणात एक नवा साक्षीदार होता, तो म्हणजे चलच्चित्रणाचा कॅमेरा. दरबाराची चित्रफीत इंग्लंडमधील चित्रगृहांत दाखविली गेली आणि 'गायकवाड कसा वाकतो' हे पाहण्यासाठी तेथील लोकांनी गर्दी केली. स्टीफन बॉटमोर या चित्रपट-इतिहासकाराने १९९७ साली या प्रसंगावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. एखाद्या हिंदी राज्यकर्त्याची राजनिष्ठा चित्रफितीवरून तपासली जाण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

१९११ ची फीत आणि १९३९ चा चित्रपट एकापाठोपाठ पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पहिल्या चित्रात खरा राजा आहे, काही क्षणांपुरता, आणि तो संशयास्पद आहे. दुसऱ्यात तोच राजा पूज्य झाला आहे, परंतु त्यासाठी त्याला काल्पनिक व्हावे लागले. पाठ फिरविणारा सयाजीराव रांचीपुरात बसत नाही. बडोद्याच्या सुधारणा तेवढ्या उचलल्या गेल्या आणि त्यांच्यामागील स्वाभिमान दिल्लीच्या मैदानात राहिला.

पुतळ्याचेही असेच. रांचीपूरच्या पुलावर व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे. पुराच्या लोंढ्यात सारे वाहून जाते, राणी उभी राहते. बडोदेकराला विश्वामित्रीच्या पुलाजवळचा पुतळा म्हटले की आठवतो तो 'काळा घोडा', सयाजीबागेच्या दाराशी असलेला स्वतः सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा. पूर ओसरल्यावर कोण उभे राहिलेले दिसावे, याची निवडही राजकीयच असते.

स्वागत आणि विरोध

'द रेन्स केम' हिंदुस्थानात आला तेव्हा येथील वातावरण तापलेले होते. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये 'द ड्रम' या ब्रिटिश चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने होऊन तो मागे घ्यावा लागला होता. हॉलिवूडच्या 'गंगा दीन'वर (१९३९) बंगाल आणि मुंबई प्रांतांत बंदी आली. या चळवळीला धार आणणारे नियतकालिक म्हणजे १९३५ साली सुरू झालेले इंग्रजी मासिक 'फिल्मइंडिया', आणि त्याचे संपादक बाबूराव पटेल. हे बाबूराव मूळचे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील मासवण गावचे. २०१४ पासून ते गाव पालघर जिल्ह्यात मोडते. त्यांची लेखणी तिखट, पुष्कळदा असभ्यतेच्या सीमेवरची होती आणि ती आपल्या माणसांवरही तितकीच चाले. पण परदेशी पडद्यावर हिंदी माणूस क्रूर, हास्यास्पद किंवा लाचार दाखविला जातो आणि त्या प्रतिमेचे राजकीय मोल आपण मोजत असतो, ही गोष्ट त्यांनी मध्यमवर्गीय वाचकाच्या गळी उतरविली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

प्रेम चौधरी यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'द ड्रम', 'गंगा दीन' आणि 'द रेन्स केम' या तीन चित्रपटांचा साम्राज्यवादी सिनेमा म्हणून एकत्र अभ्यास केला आहे. ही चौकट उपयुक्त आहे. मात्र प्रस्तुत लेखकाच्या मते तिसरा चित्रपट पहिल्या दोघांच्या पंक्तीला पूर्णपणे बसत नाही. 'गंगा दीन'मधला हिंदी माणूस गोऱ्यांसाठी प्राण देतो. 'द रेन्स केम'मध्ये गोरी स्त्री हिंदी रुग्णांची सेवा करताना प्राण गमावते आणि राज्य हिंदी माणसाच्या हाती राहते. १९३९ सालच्या हॉलिवूडमध्ये ही लहान गोष्ट नव्हती. ब्रॉमफील्डच्या मनातील बडोद्याविषयीचा आदर पटकथेच्या सर्व चाळण्यांतून थोडाफार तरी झिरपला, असे म्हणावेसे वाटते.

१९५५ साली याच कंपनीने 'द रेन्स ऑफ रांचीपूर' या नावाने सिनेमास्कोपमध्ये कथा पुन्हा काढली. दिग्दर्शक ज्याँ नेगुलेस्को. लाना टर्नर एडविना, तर रिचर्ड बर्टन डॉक्टर सफ्ती. या वेळी एडविना मरत नाही. पतीसमवेत परत जाते. चित्रपट म्हणून तो पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. तोपर्यंत बडोदे संस्थान उरले नव्हते. १ मे १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले होते. अस्तित्वात नसलेल्या राज्याचा काल्पनिक वारस आणि परत जाणारी स्त्री, एवढेच त्या रंगीत पडद्यावर शिल्लक राहिले.

पाणी

मराठी प्रेक्षक धरणफुटीचे दृश्य निखळ कल्पित म्हणून पाहू शकत नाही. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पूर्ण न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्या बोलण्यात आजही 'पुराआधी' आणि 'पुरानंतर' अशी कालगणना येते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने खुद्द वडोदरा शहर बुडविले. रांचीपुरात धरण भूकंपाने फुटते, म्हणजे दोष निसर्गाचा. पानशेतच्या बाबतीत प्रश्न माणसांच्या निर्णयांचा होता. कोलशेतच्या खाडीकाठी जुन्या आगरी-कोळी वस्तीच्या पाठीशी आता पस्तीस-चाळीस मजली इमारती उभ्या आहेत. भरतीची वेळ आणि पावसाचा जोर यांचा मेळ घालून पाण्याचा अंदाज बांधणारी माणसे मात्र त्या जुन्या वस्तीत राहतात. चापेकरांसारखा कोणी कोलशेतला मिळाला असता तर हे ज्ञान कागदावर आले असते.

चित्रपट संपल्यावर वर्गातील एका विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला तो प्रेमकथेविषयी नव्हता. कादंबरीचा परिचय करून देताना जोबनेकरांचा उल्लेख झाला होता. त्यांचे पुढे काय झाले, असे तिने विचारले. पडद्यावर याचे उत्तर नव्हते. म्हणून बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मपर टिपण काढले. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेलेला हा विद्वान करारानुसार नोकरीसाठी १९१७ मध्ये बडोद्यास आला. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही म्हणून तो नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. शहरात कोणीही थारा दिला नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास त्याने कामाठीबागेत बसून काढले. कामाठीबाग म्हणजेच सयाजीबाग, विश्वामित्रीच्या त्याच पुलालगतची. त्या दिवशीचा उरलेला तास आम्ही ती पाने मोठ्याने वाचण्यात घालविला.